राणे यांचा पराक्रम एका ओळीचा नाही

परमवीर चक्राच्या मानकऱ्यांवरील रविवार पुरवणीतील लेख वाचला. त्यात मेजर रामा राघोबा राणे यांची बोळवण 'सुरुंग हटवून रणगाड्यांना साहाय्य केले' एवढ्या एका वाक्यात झाली, हे मनाला लागले. पाकिस्तानबरोबरच्या पहिल्या काश्मीर युद्धात, एप्रिल 1948 मध्ये, जम्मू भागातील नौशेरा-राजौरी रस्ता सुरुंगांनी आणि आडव्या पाडलेल्या झाडांनी बंद होता. तो खुला झाल्याशिवाय रणगाड्यांना हलताच येत नव्हते. म्हणजे ज्याला लेखात साहाय्य म्हटले आहे, त्यावरच सारी चढाई अवलंबून होती.

8 एप्रिलला काम सुरू होताच तोफगोळ्यांच्या माऱ्यात त्यांचे दोन जवान मारले गेले, राणे यांच्यासह पाच जखमी झाले. तरीही त्यांनी जागा सोडली नाही. पुढचे तीन दिवस ते सुरुंग काढत, झाडे उडवत, वळणरस्ते तयार करत राहिले. पुढच्याच दिवशी, 12 एप्रिलला, राजौरी आपल्या ताब्यात आली.

हातात बंदूक घेऊन चाल करणारा आपल्याला लगेच वीर वाटतो; गोळीबारात गुडघ्यावर बसून माती उकरणारा मात्र नजरेआड होतो. लेखमालेच्या पुढील भागात त्या चार दिवसांची सविस्तर हकिकत द्यावी, ही आग्रहाची विनंती.

– एक वाचक, खडकी, पुणे