मणी फुगला तर हळहळणारी माणसं

हिल्सबरो, ऑरेगन
२७ मे २०२४

तीर्थरूप नानांस,
शिरसाष्टांग नमस्कार, वि. वि.

फोनवर तुम्ही "बरंय ना? घे, आईशी बोल" यापुढे जात नाही, म्हणून कागदावर लिहितेय. भाऊ वाचून दाखवेल. आजी जवळ बसली असेल तर त्याला जरा दबक्या आवाजात वाचायला सांगा, कारण तुमच्या माळकरी घरातली लेक परवा वाइन चाखून आलीय.

प्यायले नाही असं म्हणत नाही. पण चाखायची इथली रीत अशी, की घोट तोंडात घोळवायचा आणि शेजारच्या भांड्यात थुंकून टाकायचा. परतताना गाडी मलाच चालवायची होती, तेव्हा मी इमानेइतबारे थुंकत होते. तुमच्या जावयांनी मात्र त्या भांड्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही. (भाऊ, हे वाक्य गाळ.)

झालं असं, की मेच्या शेवटच्या सोमवारी इथे मेमोरियल डेची सुट्टी असते. तिला जोडून येणाऱ्या शनिवार-रविवारी विलामेट खोऱ्यातले वाइनवाले पाहुण्यांना बोलावतात. माझ्या ऑफिसातल्या एकीच्या ओळखीचं एक कुटुंब आहे, त्यांनी यंदा आपली पहिलीच वाइन बाहेर काढली. आमच्यापासून तासाभराच्या आत, डंडी गावामागच्या टेकड्यांवर त्यांची बाग. वाटेत हेझलनटच्या बागा लागतात. अमेरिकेतलं जवळजवळ सगळं हेझलनट याच खोऱ्यात पिकतं. सुतात लावलेली झाडं आणि खाली गवताची काडी नाही. तुम्ही असता तर तिथेच गाडी थांबवायला लावली असती.

वाइनरी म्हणजे काही महाल नव्हता. पत्र्याची शेड, आपल्या पॅकहाउसपेक्षा लहान. ट्रॅक्टर बाहेर काढून आत टेबलं मांडलेली, आणि फरशीवर ऑइलचा डाग तसाच. नवरा ओतत होता, बायको हिशेब बघत होती, शाळकरी पोरगा पाण्याचे जग भरत होता. बाटल्यांवरची लेबलं घरीच चिकटवलेली, काही तिरकी. एक म्हातारी गमबूट घालून सगळ्यांच्या मधून फिरत होती, ती नवऱ्याची आई. मी द्राक्षवाल्याची मुलगी आहे हे कळल्यावर तिने पाहुणे तिथेच सोडले आणि मला बागेत नेलं. पुढचा तासभर आम्ही ओळींमधूनच फिरत होतो.

नाना, इथे डोक्यावर मांडव नाही की वाय आकाराचा सांगाडा नाही. कंबरेएवढ्या तारेवर एखाददुसरी काडी आडवी वाकवून बांधायची आणि फुटवे सरळ वर तारांच्या जोड्यांमधून उभे चढवायचे. आत्ता फुटवे हात-दीड हात झालेत, घड करंगळीएवढे, फुलोऱ्याला अजून अवकाश. छाटणी वर्षातून एकदाच, थंडीत, वेल वाळक्या काटकीसारखी झोपलेली असताना. मी सांगितलं, आमच्याकडे एप्रिलमध्ये खरड आणि ऑक्टोबरात गोडी, दोनदा छाटतो आणि पीक एकदाच घेतो. ती म्हणाली, "बिचारी वेल." मी म्हटलं, "बिचारा शेतकरी." बाई ओळीतच उभी राहून हसायला लागली.

ठिबकही नाही. रोपं लहान होती तेव्हा दोन वर्षं पाणी दिलं, मग बंद. पाऊस इथे हिवाळ्यात पडतो, उन्हाळा कोरडा, आणि जमीन चिकण असल्यामुळे ओल धरून ठेवते. माती लालभडक, महाबळेश्वरच्या वाटेवर दिसते तशी. म्हातारीने ढेकूळ फोडून माझ्या तळहातावर ठेवलं. दीडेक कोटी वर्षांपूर्वी पूर्वेकडून लाव्हा वाहत आला, त्या खडकाची ही माती. आपलाही खडक लाव्ह्याचाच, पण साडेसहा कोटी वर्षांचा, आपण थोरले. या मातीला जोरी म्हणतात, आणि २०११ साली ऑरेगनने तिला राज्याची माती म्हणून जाहीर केलं. राज्यपक्षी, राज्यफूल ऐकलं होतं, राज्यमाती पहिल्यांदाच.

आता मुख्य गोष्ट ऐका. आपल्या घरात सगळी धडपड कशासाठी? मणी फुगावा म्हणून. जीएचे डीप (वाढीच्या संजीवकात घड बुडवणं), विरळणी, गर्डलिंग (साल गोल काढणं), आणि शेवटी व्यापारी खिशातून रिंग काढून मणी मोजतो तेव्हा आईचा जीव टांगणीला. इथे मणी फुगला तर माणसं हळहळतात! रंग आणि चव सालीत असते, म्हणून मणी जितका बारीक तितकी रसाच्या मानाने साल जास्त. जात पिनो न्वार. हे नावच मुळी पाइनच्या बोंडावरून पडलंय. घड तसाच आवळ आणि मुठीत मावेल एवढा. एकरी दोन टन निघाले की हे खूश. आपल्याकडे एकरी दोन टन निघाले असते तर तुम्ही दोन दिवस जेवला नसता. त्यातही ऑगस्टमध्ये काही घड हे लोक स्वतःच कापून खाली टाकतात, राहिलेले नीट पिकावेत म्हणून. आजीला हे सांगू नका, तिला तो वेलीचा शाप वाटेल.

भीती मात्र आपल्यासारख्याच. काढणीच्या तोंडावर पाऊस आला की आवळ घडात कूज. भुरीची बुरशी आहेच. पाखरांसाठी जाळी. त्यांनी रोपं लावली २०१९ मध्ये. २०२० च्या सप्टेंबरात रानं पेटली आणि खोरं धुरानं भरलं. पुष्कळांची द्राक्षं त्या वासाने वाया गेली, पण यांच्या वेलीला तेव्हा फळच नव्हतं. २०२१ च्या जूनमध्ये पोर्टलंडला पारा ४६ अंशांवर, जिथे कित्येकांच्या घरी एसी नसतो तिथे. आणि २०२२ च्या एप्रिलमध्ये ऐन फुटीवर कडाक्याची थंडी पडून कोवळे फुटवे जळाले. म्हातारी म्हणाली, त्या सकाळी मुलगा चहा न पिता शेडमध्ये जाऊन बसला. पुढे दुय्यम डोळे फुटले, ऑक्टोबरभर छान ऊन मिळालं आणि दोन एकरांत मिळून पावणेदोन टन माल आला. त्याची चार पिंपं झाली, म्हणजे १,२०० बाटल्या. ती ही पहिली वाइन.

चव कशी? रंग आमसुलाच्या सारासारखा, आरपार दिसणारा. वास आधी करवंदाचा, मग पावसाळ्यात पडवीत ओलं झालेल्या लाकडाचा. जीभ कच्च्या जांभळासारखी धरते. खरं सांगू, मला ती पातळ आणि आंबट वाटली. मी चेहरा सांभाळला होता, तरी म्हातारीने ओळखलं. म्हणाली, "वेली अजून पोरं आहेत." बाटलीला ४० डॉलर, म्हणजे सुमारे ३,३०० रुपये, आणि एका बाटलीत जेमतेम दीड किलो द्राक्षं. आपल्याला यंदा किलोला काय मिळालं ते इथे लिहीत नाही.

याच टेकड्यांवर १९६६ मध्ये डेव्हिड लेट नावाच्या तरुणाने पिनो लावली, तेव्हा इथे थंडी-पाऊस फार, द्राक्ष पिकायचं नाही, असं जाणत्यांनी त्याला बजावलं होतं. १९७९ मध्ये पॅरिसच्या स्पर्धेत त्याची वाइन फ्रेंचांच्या पंगतीला बसली, आणि १९८७ मध्ये फ्रान्समधल्या बर्गंडीचं द्रुआं हे वाइनवालं घराणं स्वतःच इथे जमीन घ्यायला आलं. म्हातारी हे सगळं घरच्या गोष्टीसारखं सांगत होती. मग तिने विचारलं, "तुझ्या वडिलांनी कधी वाइनची द्राक्षं लावली होती का?"

मी विहिरीकडच्या एकराचं सांगितलं. २००१ चं वाइन धोरण, विंचूरचा वाइन पार्क, मीटिंगा, करार, आणि तुम्ही लावलेली शिराझ. काही वर्षं गाडी वेळेवर आली. मग मंदी, मुंबईवरचा हल्ला, हॉटेलं ओस, वायनऱ्यांच्या टाक्या भरलेल्या. त्या वर्षी क्रेट बांधावर रचून तुम्ही तीन दिवस गाडीची वाट बघितलीत. चौथ्या दिवशी मधमाश्या आल्या. बी असलेली द्राक्षं, बेदाणाही होईना. त्या कंपनीचा शेवटचा हप्ता अजून यायचाच आहे ना?

तिने सगळं ऐकून घेतलं आणि एकच विचारलं, "मग त्यांची वाइन कशी होती?"

नाना, मला सांगताच येईना. माळेचं जाऊ दे, आपल्या द्राक्षांची बाटली आपल्यापैकी कुणी डोळ्यांनीसुद्धा पाहिली नाही. पिकअप फाट्याला वळली की आपला संबंध संपायचा. आणि इथे शेडमध्ये बघते तर तो नवरा नवीन पाहुणा आला की आधी त्याला दारात नेऊन बोटाने ओळ दाखवत होता, ही त्या वरच्या ओळींची. मग ओतत होता.

वेली उपटल्या का, असंही तिने विचारलं. मी म्हटलं, नाही, खुंट ठेवला आणि वर थॉमसनचं, खायच्या द्राक्षाचं, कलम केलं. तिने मान डोलावली. ती म्हणाली, इथेही जात बदलायची तर तसंच करतात. आपला डॉगरिज खुंट मुळात टेक्सासचा हे मी सांगितलं, तेव्हा तिला माहेरचं कुणी भेटल्यासारखं झालं.

घरी आल्यापासून एकच डोक्यात आहे. कलमं केली तेव्हा एक वेल राहिली होती ना, मोटारीच्या खोलीवर चढलेली? तुम्ही म्हणायचात राहू दे, पाखरांना. ती आहे का अजून? आत्ता फुटवे खुडून सबकेन काढायच्या गडबडीत भाऊला वेळ नसणार, पण एक फोटो पाठवायला सांगा. असली तर ऑक्टोबरात तिचीही छाटणी करा, जीए लावू नका, आणि फेब्रुवारीत पाखरांनी काही ठेवलं तर दोन मणी पिळून ब्रिक्स, म्हणजे रसातली साखर, बघा. इथे २४ ला काढतात. आकडा मला कळवा, म्हातारीला सांगायचाय.

आईला सांगा, मेतकूट संपत आलंय. आजीला नमस्कार.

तुमची,
ताई