शिक्षणसेवकाचे मानधन मूळ वेतनाला बांधा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

शिक्षकभरतीची जाहिरात आली की चर्चा होते ती जागा किती आणि कुठल्या, याची. निवड झाल्यावर पहिली तीन वर्षे हातात काय पडणार, याबद्दल खुद्द उमेदवारही फारसे बोलत नाहीत. इतकी वाट पाहिलेली असते की मिळेल ते घ्यायची मनाची तयारी झालेली असते. सरकारचा हिशेब याच तयारीवर चालतो.

नव्या शिक्षकाला पहिली तीन वर्षे पूर्ण पगाराऐवजी ठोक मानधनावर ठेवणारी शिक्षणसेवक योजना २००० साली आली. तेव्हा मानधन होते प्राथमिकला ३ हजार, माध्यमिकला ४ हजार आणि कनिष्ठ महाविद्यालयाला ५ हजार. पुढे ते अनुक्रमे ६, ८ आणि ९ हजार झाले आणि तिथे दहाहून अधिक वर्षे अडकून राहिले. १ जानेवारी २०२३ पासून १६, १८ आणि २० हजार झाले, तेव्हा ‘दुपटीहून जास्त वाढ’ म्हणून सत्कार-समारंभ झाले. पण मधल्या काळात सातवा वेतन आयोग लागू झाला होता आणि महागाई भत्ता तर दर सहा महिन्यांनी वाढतच असतो. मानधनाला यातले काहीच लागत नाही, कारण ती ठोक रक्कम आहे. ती वाढवायची तर दर वेळी नवा शासन निर्णय लागतो, आणि त्याआधी मोर्चे.

हिशेब मांडून पाहावा. प्राथमिक शिक्षकाची सुरुवातीची वेतनश्रेणी एस-१०, मूळ वेतन २९,२०० रुपये. त्यावर जानेवारी २०२४ पासून लागू झालेला ५० टक्के महागाई भत्ता १४,६००. दोन्ही मिळून ४३,८००. घरभाडे भत्ता यात धरलेलाच नाही. शिक्षणसेवकाला मिळतात १६ हजार. फरक महिन्याला २७,८०० रुपयांचा, म्हणजे ३६ महिन्यांत १० लाख ८०० रुपये. बी.एड. झालेल्या माध्यमिक शिक्षकाचे मूळ वेतन ३८,६००, भत्त्यासह ५७,९००. मानधन १८ हजार. तीन वर्षांचा फरक १४ लाख ३६ हजार ४०० रुपये. भत्ता ५० टक्क्यांवरच थांबला असे मानून केलेले हे गणित आहे, आणि तो थांबलेला नाही. तासिका तेवढ्याच, उत्तरपत्रिका तेवढ्याच, निवडणुकीची ड्युटीही तीच.

नवा माणूस आहे, पारखून घ्यायला नको का, असे यावर सांगितले जाते. जरूर पारखावा. खासगी शाळांतील कर्मचाऱ्यांसाठीच्या १९७७ च्या कायद्यात परिविक्षा, म्हणजे कायम करण्याआधीचा पारखण्याचा काळ, मुळात दोन वर्षांची होती. शिक्षणसेवकासाठी ती तीन झाली. पण पारखण्यासाठी पगार कापावा लागत नाही, बाकीच्या बहुतेक शासकीय पदांवर परिविक्षेतही पूर्ण वेतन मिळते. (ग्रामसेवक आणि कृषी सेवक यांची गतही शिक्षणसेवकासारखीच आहे, हे इथे नोंदवायला हवे.)

उमेदवार हे का सोसतो, ते भरतीचा क्रम पाहिला की कळते. पदविका किंवा बी.एड. हातात आले की टीईटी, म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षा: १५० पैकी खुल्या प्रवर्गाला ९० गुण हवेत. मग जिच्या गुणांवर निवड होते ती अभियोग्यता चाचणी, २०० प्रश्न, १२० मिनिटे. ही चाचणी २०१७ च्या डिसेंबरात झाली, नंतर थेट २०२३ मध्ये आणि मग २०२५ मध्ये. पहिल्या दोन चाचण्यांच्या मध्ये पाच वर्षांहून अधिक काळ गेला. तेवढ्यात कोणाचे वय निघून गेले, कोणी शिकवणे सोडून दिले.

चाचणी झाली म्हणजे जागा निघाल्या असेही नाही. ३० सप्टेंबरच्या विद्यार्थिसंख्येवर संचमान्यता होते, म्हणजे शाळेला किती शिक्षक मिळणार ती मंजूर पदे ठरतात. मग अतिरिक्त ठरलेल्या शिक्षकांचे दुसऱ्या शाळांत समायोजन, मग बदल्या. उरलेल्या पदांची बिंदुनामावली, म्हणजे कोणते पद कोणत्या आरक्षण प्रवर्गाचे याची नोंदवही, मागासवर्ग कक्षाकडून तपासून यावी लागते आणि त्यानंतर शिक्षकभरतीच्या सरकारी संकेतस्थळावर, पवित्र पोर्टलवर, जाहिरात चढते. सगळ्यात जास्त तुंबते ते बिंदुनामावलीपाशी: जुन्या नेमणुका कोणत्या बिंदूवर दाखवायच्या यावर वाद, हरकती, फेरतपासणी. शिक्षण हक्क कायद्याचे कलम २६ सांगते की, सरकारी आणि अनुदानित शाळांत रिक्त पदे मंजूर पदांच्या १० टक्क्यांच्या वर जाता कामा नयेत. ही मर्यादा पाळली गेली की नाही, याची जिल्हावार यादी दरवर्षी ३० सप्टेंबरनंतर लावली, तर कोणत्या कार्यालयात फाइल अडली हे आपोआप दिसेल.

पोर्टलवर उमेदवार बाद होतात ते बहुधा किरकोळ कारणांनी. दहावीच्या आणि पदवीच्या प्रमाणपत्रांवर नावाचे स्पेलिंग वेगळे. नॉन-क्रीमीलेयर प्रमाणपत्राची मुदत संपलेली. टीईटीचा दुसरा पेपर सामाजिक शास्त्रांचा आणि अर्ज गणित-विज्ञानाच्या जागेसाठी. हव्या त्या जागांचे प्राधान्यक्रम भरले, पण लॉक केले नाहीत, की ते धरलेच जात नाहीत. मुलाखतीसह भरतीचा पर्याय निवडलेल्या संस्थांमध्ये आणखी ३० गुण मुलाखत आणि अध्यापन कौशल्याचे असतात. तिथे काय चालते ते सर्वांना ठाऊक आहे. पाठाचे आणि मुलाखतीचे चित्रीकरण सक्तीचे करून ते जपून ठेवायला लावणे, एवढा साधा उपायही पुरेसा धाक बसवील.

वाट पाहण्याच्या या वर्षांत बहुतेक जण विनाअनुदानित शाळेत राबतात. त्यांनी दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. नेमणुकीचा लेखी आदेश आणि हजेरीपटाच्या प्रती पहिल्या महिन्यापासून जपाव्यात. रुजू होताना तारीख न घातलेल्या राजीनाम्यावर सही मागितली, तर ती देऊ नये. १९७७ च्या कायद्याचे कलम ७ राजीनाम्यावर सही आणि तारीख दोन्ही मागते. कामावरून काढल्यास शाळा न्यायाधिकरणाकडे अपील करता येते, पण आदेश मिळाल्यापासून ३० दिवसांच्या आत. तोंडी काढून टाकण्याची चाल याचसाठी असते की, आदेशच नसला तर मुदत कधीपासून मोजायची यावरच वाद घालत बसता येते. त्याच दिवशी नोंदणीकृत टपालाने संस्थेला आणि शिक्षणाधिकाऱ्यांना पत्र पाठवले, तर निदान तारीख तरी पक्की होते.

आता संघटनांकडे वळतो. जुन्या निवृत्तिवेतनासाठी मार्च २०२३ मध्ये राज्यभर संप झाला, आणि १ नोव्हेंबर २००५ नंतर लागलेल्यांचा तो प्रश्न खराच आहे. मानधनाचा प्रश्न मात्र निवेदनाच्या शेवटच्या कलमांत असतो. याचे एक कारण विधान परिषदेच्या शिक्षक मतदारसंघांत सापडेल. राज्यात असे सात मतदारसंघ आहेत. मतदार व्हायचे तर मागच्या सहा वर्षांत किमान तीन वर्षे, माध्यमिक किंवा त्यावरच्या स्तरावर शिकवलेले असावे लागते. म्हणजे जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शाळेतला शिक्षक बाहेर, बेरोजगार उमेदवारही बाहेर. माध्यमिकचा पहिल्यांदाच नोकरीला लागलेला शिक्षणसेवक मतदार होतो, तोवर त्याची तीन वर्षे संपून तो वेतनश्रेणीत गेलेला असतो. मत नाही त्याच्यासाठी भांडायला किती नेते पुढे येणार?

म्हणून संघटनांनी रक्कम वाढवून मागणे सोडावे. १६ चे २५ हजार मागितले, मिळालेही, तरी ते पुन्हा दहा वर्षे तिथेच गोठतील. मागावी ती टक्केवारी: मूळ वेतन अधिक महागाई भत्ता, याच्या पहिल्या वर्षी ६० टक्के, दुसऱ्या वर्षी ७५ आणि तिसऱ्या वर्षी ९०. वरच्याच हिशेबाने प्राथमिकला २६,२८०, मग ३२,८५० आणि ३९,४२० रुपये होतात. भत्ता वाढला की मानधनही त्याच महिन्यात वाढेल, वेगळा शासन निर्णय लागणार नाही. शिक्षक मतदारसंघातून उभे राहणाऱ्यांनी ही टक्केवारी आपल्या जाहीरनाम्यात आकड्यांसह लिहावी, आणि ज्यांची तीन वर्षे संपली आहेत त्या मतदारांनी ती त्यांच्याकडून लिहून घ्यावी.

— एक माध्यमिक शिक्षक