दुपारी अडीच वाजता घरी कोण असतं?

पुणे, 18 मे

प्रिय मंदार,

तुझं पत्र वाचलं, दोन्ही फोटो पाहिले. वॉचमनच्या पामेरियनला झालेलं सव्वा महिन्याचं पिल्लू आणि ठाण्याच्या ताईंनी सांभाळायला ठेवलेली अडीच वर्षांची चिमी. यातलं कुठलं घ्यावं, असं तू विचारलंयस. ते सांगतोच, पण आधी एक विचारतो. दुपारी अडीच वाजता तुमच्या घरी कोण असतं? तू आणि शलाका सकाळी सव्वाआठला बाहेर पडता, ते संध्याकाळी सातला येता. ओजस शाळेतून येऊन क्लासला जातो. घरी एकट्या काकू, आणि त्यांच्या गुडघ्याचं ऑपरेशन होऊन वर्षही झालेलं नाही. कुत्रा तुमचा सगळ्यांचा असला, तरी त्याचा दिवस काकूंच्या पायांशी जाणार आहे. सगळं इथून मोजायला घे.

पिल्लाचं आधी बोलू, कारण ओजसचा जीव त्याच्यात अडकलाय. ते पाच आठवड्यांचं आहे. आठ आठवड्यांच्या आत ते आईपासून तोडू नका. भावंडांशी कुस्ती खेळताना एक जोरात चावलं की दुसरं किंचाळतं आणि खेळ थांबतो. दात किती जोरात लावायचे, हे पिल्लू त्यातूनच शिकतं. ते शिक्षण अर्धवट राहिलेलं पिल्लू पुढे ओजसच्या हातावर शिकतं. विक्रीच्या पिल्लांसाठी 2017 च्या नियमांत आठ आठवड्यांची अट आहे. तुला ते फुकट मिळतंय, पण अटीमागचं कारण तेच.

‘मोठं झालं तरी एवढंसंच राहील’ असं वॉचमन म्हणाला ना? ते कुणीच सांगू शकत नाही. आई सहा किलोची आहे, पण बाप रस्त्यावरचा गावठी, आणि गावठी कुत्रा सहज पंधरा-अठरा किलोचा भरतो. पिल्लू सातवर थांबेल किंवा तेरापर्यंतही जाईल. पंजे बघून अंदाज बांधतात त्यावर विसंबू नकोस. चार महिन्यांचं असताना जे वजन भरतं त्याच्या दुपटीच्या आसपास मोठेपणी जातं, लहान चणीच्या कुत्र्यात थोडं कमी. पण हे कळेपर्यंत ते तुमच्या सोफ्यावर झोपायला लागलेलं असेल.

आणि लसी. सहा ते आठ आठवड्यांच्या दरम्यान पहिला डोस, मग दर तीन-चार आठवड्यांनी पुढचा, निदान सोळा आठवड्यांचं होईपर्यंत. रेबीजची लस तीन महिने पूर्ण झाल्यावर. एकच लस पुन्हा पुन्हा का देतात? आईच्या दुधातून मिळालेली प्रतिकारशक्ती लसीला निकामी करते, आणि ती नेमकी कधी ओसरते हे प्रत्येक पिल्लात वेगळं असतं. म्हणून ‘एक इंजेक्शन झालंय’ या वाक्याला फारसा अर्थ नाही. मधल्या काळात भीती पार्व्होची, म्हणजे पिल्लांच्या जीवघेण्या उलट्या-जुलाबांच्या आजाराची. त्याचा विषाणू मातीत महिनोन् महिने टिकतो आणि साध्या फिनाइलने मरेल याची खात्री नसते. तिथे ब्लीच लागतं, तीस भाग पाण्यात एक भाग, आणि फरशी दहा मिनिटं ओली ठेवायची. म्हणजे चार महिन्यांचं होईपर्यंत पिल्लू सोसायटीच्या आवारात जमिनीवर सोडायचं नाही. पण जग ओळखण्याचं वयही हेच, तिसऱ्या आठवड्यापासून बाराव्या-चौदाव्यापर्यंत. तेव्हा त्याला रोज कडेवर घेऊन रिक्षा, लिफ्ट, छत्री, काठी टेकत चालणारी माणसं, कुकरची शिट्टी असं सगळं दाखवावं लागतं. शी-शू घरातच. दोन महिन्यांचं पिल्लू दिवसा फार तर तीन तास दम धरतं. उठल्यावर, खाल्ल्यावर, खेळल्यावर दर वेळी त्याला उचलून कागदावर नेणारं माणूस लागतं. ते वाकणं-उचलणं काकूंच्या गुडघ्याला झेपणार नाही, आणि ओल्या फरशीवरून त्या घसरल्या तर? पिल्लू गोड आहे, मंदार, पण तुमच्या घराच्या घड्याळात ते बसत नाही. त्याच्यासाठी दुसरं घर शोधायला आपण वॉचमनला मदत करू. तोवर ते आईपाशीच राहू दे.

आता चिमी. फोटोवरून मला ती स्पिट्झ आणि गावठीचं मिश्रण वाटते. आपण सरसकट ‘पामेरियन’ म्हणतो ते बहुतेक वेळा इंडियन स्पिट्झच असतं. ती 7 किलोची आहे आणि आता वाढणार नाही. स्वभाव बनलेला आहे, आणि तो विचारून, बघून घेता येतो. माझं मत तिच्या बाजूने आहे, पण डोळे मिटून होकार देऊ नका. मिश्र जातीचं कुत्रं आजारी पडत नाही ही समजूत खरी नाही. दोन्हीकडचं काय उतरलंय ते बघावंच लागतं.

ताईंकडे गेलात की आधी लसीचं कार्ड मागा. प्रत्येक नोंदीशेजारी लसीच्या बाटलीवरचं स्टिकर, तारीख, डॉक्टरांचा शिक्का आणि सही हवी. नुसती पेनाने लिहिलेली तारीख धरू नका. नसबंदी झाली आहे असं ताई म्हणतात, त्याचाही कागद बघा. झाली नसेल तर करून घ्या, नाहीतर साधारण दर सहा-सात महिन्यांनी तीनेक आठवड्यांचा माज, त्यात काही दिवस रक्तस्राव आणि गेटबाहेर कुत्र्यांची रांग, शिवाय वय वाढेल तसा गर्भाशयात पू होण्याचा धोका. तिसरी गोष्ट रक्ताची. सीबीसी (रक्तपेशींची मोजणी) आणि गोचीडतापाची तपासणी घरी आणण्याआधी करायला सांगा. प्लेटलेट कमी आल्या तर उपचार आधी.

मग तिला चालताना बघा. स्पिट्झसारख्या लहान कुत्र्यांत गुडघ्याची वाटी सरकण्याचा दोष असतो. चालता चालता मागचा एक पाय दोन-तीन पावलं उचलून धरायचा, लंगडी घातल्यासारखा, आणि पुन्हा काही झालंच नाही असं चालायचं, ही त्याची खूण. त्यामुळे लगेच नाही म्हणायचं कारण नाही, पण डॉक्टरांना दाखवून घ्या आणि घरातल्या गुळगुळीत फरशीवर सतरंज्या टाका. पट्टा ताणला की हंसासारखी कर्कश खोकते का, तेही ऐका. तसं असेल तर श्वासनलिका कमकुवत असू शकते. मग तिला गळपट्टा नको, छातीचा हार्नेसच. ओठ अलगद वर करून हिरडी बोटाने दाबा. पांढरी पडून दोन सेकंदांत पुन्हा गुलाबी झाली पाहिजे. मुळातच फिकट असेल तर गोचीडतापाची शंका घ्यायची. कानाला नाक लावा, आंबूस वास यायला नको. दातांच्या मुळाशी पिवळा-तपकिरी थर दिसेल. लहान तोंडात दात दाटीने असतात, त्यामुळे तो लवकर साठतो. कुत्र्यांची वेगळी टूथपेस्ट मिळते, तिनेच घासायचे. आपली चालत नाही.

स्वभावाबद्दल ताईंना नेमकं विचार. एकटी राहते का, आणि किती वेळ? लिफ्टमध्ये काय करते? ताटलीजवळ कुणी गेलं तर गुरगुरते का? लहान मुलांबरोबर कधी राहिली आहे का? ताटली ओढून परीक्षा मात्र घेऊ नका, त्याने चांगलं कुत्रंही चिडतं. आणि एका भेटीवर ठरवू नका. दोन-तीनदा जा, एकदा तरी संध्याकाळी, इमारतीत वर्दळ असताना.

एकटं राहण्याचा प्रश्न तुमच्याकडे अर्धा सुटलेला आहे, कारण काकू आहेत. पण त्या देवळात गेल्या, दवाखान्यात गेल्या तर? पहिल्याच आठवड्यात सवय लावा. दार ओढून दोन मिनिटं बाहेर, मग पाच, मग दहा, मग अर्धा तास. जुना मोबाइल आत रेकॉर्डिंगला लावून जा. एकटेपणाला घाबरणारं कुत्रं बहुधा पहिल्या अर्ध्या तासातच कळतं. धापा, रडणं, दाराला नखं. तसं दिसलं तर मागच्या टप्प्यावर या, रागावू नका. या कामासाठी तू किंवा शलाका, कुणीतरी सलग चार-पाच दिवस रजा घ्यावी असं मला मनापासून वाटतं.

काकूंसाठी दोन गोष्टी. चिमीच्या पट्ट्याला छोटा घुंगरू बांधा, म्हणजे ती पायात आली तर ऐकू येईल. आणि फिरवायला काकूंनी न्यायचं नाही, दोरी पायाभोवती गुंडाळली जाते. सकाळी अर्धा तास तू, रात्री अर्धा तास शलाका, आणि दुपारी तासाभरासाठी येणारा एखादा भरवशाचा मुलगा. तो मिळत नसेल तर चिमीलाही आणू नका, इतकं ते महत्त्वाचं आहे. ओजसला एवढंच शिकव, की झोपलेल्या, खाणाऱ्या कुत्र्याला हात लावायचा नाही आणि मिठी मारायची नाही. तीन सेकंद कुरवाळायचं आणि हात मागे घ्यायचा. ती पुढे सरकली तर आणखी, तोंड फिरवलं तर बास. कधी दात लागलेच, तर जखम साबणाने वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुवायची आणि डॉक्टरांकडे जायचं, चिमीला लस दिलेली असली तरी.

पहिल्या महिन्यात कुत्री हरवतात ती घाबरून पट्ट्यातून मान काढून. म्हणून हार्नेस आणि गळपट्टा दोन्ही, दोन्हीला दोरी, आणि तुझा नंबर कोरलेला बिल्ला. बाल्कनीच्या ग्रिलमध्ये तुझी मूठ जात असेल तर तिचं डोकंही जाऊ शकतं. आधी जाळी मारून घे.

घर भाड्याचं आहे, तेव्हा लीव्ह अँड लायसन्सचा करार काढून वाच आणि घरमालकाची परवानगी लेखी घे. सोसायटीला कुत्रा पाळण्यावर किंवा त्याला लिफ्टमधून नेण्यावर सरसकट बंदी घालता येत नाही, पशुकल्याण मंडळाच्या 2015 च्या सूचनांत ते स्पष्ट आहे. पण शी उचलणं, दोरी लावणं, महापालिकेचा परवाना काढणं ही आपली बाजू चोख हवी. स्पिट्झ रक्ताची कुत्री जास्त भुंकतात. शेजारच्यांना आधीच भेटून सांगितलेलं बरं.

खाण्याबद्दल थोडं खोलात लिहितो, कारण आपल्याकडे इथेच सगळ्यात जास्त चुकतं. दूध-पोळीवर कुत्रं वाढवायचं नाही. मोठ्या कुत्र्याला दुधातली साखर बऱ्याचदा पचत नाही, आणि पोळीत प्रथिनं कमी पडतात. सात किलोच्या, नसबंदी झालेल्या मादीला दिवसाला साधारण 450 कॅलरी लागतात. कोरडं खाणं दिलं तर 120 ग्रॅमच्या आसपास, दोन वेळांत विभागून, पाकिटावरचे आकडे बघून. घरी करायचं तर बिनहाडाचं उकडलेलं चिकन 120 ग्रॅम, मऊ भात 150 ग्रॅम, लाल भोपळा 50 ग्रॅम, एक छोटा चमचा तेल. मीठ-मसाला नाही. पण यात कॅल्शियम जवळजवळ नाही. अंड्याच्या टरफलाची बारीक पूड साधारण पाव चमचा लागते, नेमकं प्रमाण डॉक्टरांकडून ठरवून घ्या. काकूंना स्वयंपाकघरात चिकन चालणार नसेल तर कोरडं खाणं आणि वरून उकडलेलं अंडं हा सरळ मार्ग. बदल मात्र सात दिवसांत हळूहळू करायचा, नाहीतर जुलाब ठरलेले. ग्लुकोजची पाच बिस्किटं म्हणजे जवळजवळ शंभर कॅलरी, तिच्या दिवसाच्या खाण्याचा पाचवा हिस्सा. घरातल्या चौघांनी प्रेमाने दोन-दोन दिली की झालंच. सात किलोच्या अंगावर एक किलो वाढणं म्हणजे सत्तर किलोच्या माणसाने ऐंशीचं होणं, आणि तो भार गुडघ्यांवर येतो. कांदा, लसूण, चॉकलेट, द्राक्षं, मनुके, शिजवलेली हाडं कधीच नाहीत. प्रसादाच्या शिऱ्यात बेदाणे असतात, हे काकूंना आवर्जून सांग. ताप आला म्हणून घरातली क्रोसिन, कॉम्बिफ्लाम द्यायची नाही.

पाऊस तोंडावर आलाय, म्हणून गोचिडांचं आत्ताच. गोचीड कुत्र्यावर दिसते तेवढीच नसते. रक्त पिऊन ती खाली उतरते, भिंतीच्या फटीत, दाराच्या चौकटीत हजारोंनी अंडी घालते. नुसत्या आंघोळीने ती जात नाही. एक महिना किंवा बारा आठवडे पुरणारी गोळी वजनानुसार मिळते, तिची तारीख कॅलेंडरवर लिहून ठेवा. तरीही रोज फिरून आल्यावर हात फिरवायचा. कानाच्या घडीत, काखेत, शेपटीखाली आणि बोटांच्या बेचक्यात. तिथे मसुराएवढं टणक काही लागलं तर चिमट्याने कातडीलगत पकडून सरळ वर ओढायचं. रॉकेल, तेल, जळती काडी नको. खाणं सोडलं, अंग तापलं, पोटावर लाल ठिपके किंवा नाकातून रक्त दिसलं, तर उद्यावर टाकायचं नाही. वेळेवर कळलं तर औषधांनी बरं होतं, कोर्स मात्र बहुधा चार आठवड्यांचा असतो आणि मध्येच सोडायचा नसतो. मुंबईत पावसाळ्यात लेप्टोची लस दर वर्षी हवीच, कारण साचलेल्या पाण्यात उंदरांचं मूत असतं आणि हा आजार माणसालाही होतो. पावसातून आलं की पोटाखालची आतली लव कोरडी करा. वरची ओली केसं दिसतात, आतली ओल दिसत नाही, आणि तिथेच कातडी चिघळते. उन्हाळ्यात केस मशीनने उतरवू नका. आठवड्यातून दोनदा विंचरणं पुरेसं आहे.

गणपतीत तुम्ही देवगडला जाता. रेल्वेने चिमीला न्यायचं तर फर्स्ट एसीचा अख्खा कूपे, नाहीतर गार्डच्या डब्यातली पेटी. त्या पेटीत मी तिला टाकू नको म्हणेन. आधीच गाडीने जायचं ठरवा किंवा ताईंनाच विचारा, त्या दिवसांत सांभाळणाऱ्यांच्या जागा लवकर भरतात. दिवाळीच्या फटाक्यांसाठी आतली खोली, पंखा जोरात, टीव्ही चालू, आणि दोन आठवडे आधी डॉक्टरांशी बोलणं.

रविवारी जाल तेव्हा सगळे जा, काकूंनाही न्या. गेल्या गेल्या तिच्याकडे कुणी हात पुढे करायचा नाही. जमिनीवर तिच्याकडे बाजू करून बसा, काकू खुर्चीवर, ओजसच्या उघड्या तळव्यावर उकडलेल्या चिकनचा नखाएवढा तुकडा. ती आपणहून येते का, आणि आल्यावर कुणाजवळ जाऊन बसते, एवढंच बघा. संध्याकाळी फोन कर. कार्डाचा आणि रक्ताच्या रिपोर्टचा फोटो आधी पाठव, म्हणजे बोलताना समोर असेल.

काकूंना नमस्कार, ओजसला खूप सारं प्रेम.

तुझा,
सुधा