बाबा, लाभांश 12,499 नाही, 13,888

बंगळूरु, 17 ऑगस्ट 2025

ती. बाबा आणि आईस,
सा. न.

परवा फोनवर बोलणं अर्धवट राहिलं. इकडे मीटिंग सुरू झाली आणि तिकडे तुमचा आवाज चढायला लागला, म्हणून म्हटलं पत्रच लिहावं. आई, तू मोठ्यांदा वाचून दाखव. चष्मा फ्रीजवर असेल.

बाबा, तुम्ही पासबुक बघून बेरीज केलीत, टीसीएस कंपनीच्या शेअरवर लाभांशाचे, म्हणजे नफ्यातल्या वाट्याचे, गेल्या वर्षभरात 12,499 रुपये जमा झालेत, तेवढेच आयकर रिटर्नमध्ये लिहायचे म्हणालात. बेरीज बरोबर आहे, पण आकडा चुकीचा आहे. तुमचं उत्पन्न 13,888 आहे. मधले 1,389 कंपनीने टीडीएस (पैसे देतानाच कापायचा कर) म्हणून कापून तुमच्या पॅनवर सरकारजमा केले. ते तुमचेच पैसे आहेत, फक्त दुसऱ्याच्या खिशात आहेत. फॉर्म 26एएसमध्ये (पॅनवर जमा झालेल्या कराचा सरकारी तक्ता) दिसतील, गणपतीला आले की दाखवते.

13,888 कसे झाले ते बघा. 2004 च्या इश्यूत, म्हणजे कंपनीच्या पहिल्या शेअरविक्रीत, 850 रुपयांनी मिळालेले तुमचे 14 शेअर. 2006, 2009 आणि 2018 अशा तीन वेळा एकास एक बोनस (दर शेअरमागे एक शेअर फुकट) मिळून ते 112 झाले. 2024-25 मध्ये शेअरमागे आधी 28 रुपये आले, मग 10, पुन्हा 10 आणि फेब्रुवारीत 76 (त्यातले 66 विशेष लाभांशाचे). बेरीज 124, गुणिले 112.

यातल्या 28 रुपयांवर तुमचा आक्षेप होता, की हा तर 2023-24 च्या नफ्यातला, मग तो मागच्या वर्षात नको का? नको. कंपनीने नफा कधी कमावला याच्याशी आपला संबंध नाही. अंतिम लाभांश वार्षिक सभेत मंजूर होतो, ती सभा मे 2024 अखेरीस झाली, म्हणून तो 2024-25 चा. अंतरिम लाभांश, म्हणजे वर्ष संपायच्या आधीच दिलेला, ज्या वर्षी तुमच्या हाती येतो त्या वर्षीचा.

आणि हो, पेपरात '3000 टक्के लाभांश' वाचून तुम्ही शेजारच्या काकांना चहा पाजलात म्हणे! बाबा, हे टक्के दर्शनी किमतीवर, म्हणजे शेअरवर छापलेल्या मूळ किमतीवर असतात, बाजारभावावर नाही. टीसीएसच्या शेअरची दर्शनी किंमत 1 रुपया, म्हणून 3000 टक्के म्हणजे 30 रुपये. शेअरचा भाव ऑगस्ट 2025 मध्ये तीन हजारांच्या आसपास आहे, म्हणजे त्या भावावर जेमतेम एक टक्का. चहा पाजलात ते बरं केलंत, पण भजी नको होती.

आता तुमच्या मुख्य तक्रारीकडे येते. 'पूर्वी लाभांश करमुक्त होता, आता आमच्यासारख्या पेन्शनरलाही सोडत नाहीत.' तुमचं हे वाक्य मी पाच वर्षं ऐकतेय आणि आज मला ते खोडायचंय. 31 मार्च 2020 पर्यंत तुमच्या हातात लाभांश करमुक्त होता हे खरं. पण कर लागतच होता, तो कंपनी परस्पर भरत होती. अधिभार वगैरे धरून सुमारे 20.56 टक्के, तोही तुमच्या हाती काही पडायच्या आधीच. तुम्ही पेन्शनर आहात की उद्योगपती, हे कुणी विचारत नव्हतं आणि त्यातला छदामही परत मागता येत नव्हता. आता लाभांश 'इतर स्रोतांपासूनचे उत्पन्न' यात येतो आणि ज्याच्या त्याच्या स्लॅबप्रमाणे कर लागतो. मला 30 टक्के आणि वर सेस, म्हणजे 31.2. रडायचं तर मी रडायला हवं.

तुमचं काय? पेन्शन, एफडीचं व्याज, लाभांश, सगळं धरून आणि पेन्शनवरची 75,000 ची प्रमाणित वजावट काढून तुमचं 2024-25 चं उत्पन्न सात लाखांच्या आत बसतं. त्या वर्षासाठी नव्या करपद्धतीत तिथपर्यंत रिबेट (पूर्ण करमाफी) आहे, त्यामुळे कर शून्य. म्हणजे ते 1,389 रुपये पूर्ण परत येणार. बाबा, 2020 च्या आधी, कंपनी परस्पर कर भरायची तेव्हा, हे झालंच नसतं.

पण परत मिळवायचे तर लाभांश 13,888 असाच दाखवावा लागतो. मी स्वतः 2020-21 मध्ये ही चूक केली आहे. तेव्हा कोविडमुळे टीडीएस साडेसात टक्के होता. एका कंपनीकडून 8,000 येणार होते, 600 कापून 7,400 आले आणि मी शहाणपणाने 7,400 लिहिले. टीडीएस मात्र पूर्ण 600 मागितला. मग आयकर खात्याचा आकडे जुळत नसल्याचा ईमेल आला आणि सुधारित रिटर्न भरताना एक अख्खा रविवार गेला. जावई अजून चिडवतात.

आगाऊ कराचा हिशोब लावायला रिटर्नमध्ये लाभांशाचे तारखेनुसार पाच तुकडे विचारतात. माझ्या वहीत लिहून ठेवलेत: 15 जूनपर्यंत 3,136, 15 सप्टेंबरपर्यंत 1,120, 15 डिसेंबरपर्यंत 1,120, 15 मार्चपर्यंत 8,512, आणि शेवटच्या पंधरवड्यात काही नाही. व्यवसायाचं उत्पन्न नसलेल्या ज्येष्ठांना आगाऊ कर भरावा लागत नाही, त्यामुळे तुमच्या बाबतीत हे रकाने नुसते भरायचे.

या वर्षापासून, म्हणजे 2025-26 पासून, टीडीएसची मर्यादा एका कंपनीमागे वर्षाला 5,000 वरून 10,000 झाली आहे. शेअरमागे जूनचे 30 आणि ऑगस्टचे 11 धरून तुमचे 4,592 झालेत. पुढे दहा हजारांवर जाईल असं वाटलं तर 15एच (कर लागत नाही, टीडीएस कापू नका, असं सांगणारा ज्येष्ठांचा फॉर्म) भरू. तो दर वर्षी नव्याने द्यावा लागतो, बँकेत दिलेला कंपनीला चालत नाही. कापला नाही म्हणजे उत्पन्न दाखवायचं नाही, असं मात्र नाही हं.

शेअर आईच्या नावावर टाकायचा बेत सोडा. बायकोला बक्षीस दिलेल्या शेअरचा लाभांश नवऱ्याच्याच उत्पन्नात मिळवतात. शिवाय कर शून्य असताना वाचवायचं काय?

आई, तुझ्या म्युच्युअल फंडाचं. 'दर महिन्याला लाभांश येतो' म्हणून तू खूश असतेस, पण 2021 पासून त्या पर्यायाचं नावच बदललंय, त्यात 'भांडवल काढून घेणे' हे शब्द आलेत. जितके पैसे वाटतात तितकी एनएव्ही (फंडाच्या एका युनिटची किंमत) उतरते. तुझ्याच डब्यातले लाडू तुला ताटलीत वाढतात आणि वर त्यावर करही मोजतात. ग्रोथमध्ये, म्हणजे पैसे न वाटता फंडातच ठेवणाऱ्या पर्यायात, बदलायचं का ते समोरासमोर बोलू, कारण बदलताना फंड विकल्यासारखंच धरतात.

2024-25 च्या रिटर्नची मुदत 15 सप्टेंबर 2025 पर्यंत वाढली आहे. मी 26 ला रात्री पोचते. बाबा, पासबुक, आधार आणि ओटीपी येणारा तो जुना फोन चार्ज करून ठेवा. आरतीनंतर बसू, अर्ध्या तासाचं काम आहे. बँक खातं पोर्टलवर आधीच प्रमाणित केलं आहे, परतावा त्यातच येईल.

आई, उकडीचं पीठ आणू नकोस, इथून घेऊन येतेय.

तुमची,
मुग्धा