नाना पेठेतल्या कार ऑडिओवाल्या काकांना जाहीर आभार

काका,

सप्रेम नमस्कार.

तुमचं नाव लिहू का विचारलं तर तुम्ही हात जोडलेत. "नाव लिहाल तर लोक घरचे डबे उचलून इथे येतील, मग मी गाड्या कधी करू?" म्हणून नाव नाही. नाना पेठेत गाडीच्या सामानाची एवढी दुकानं आहेत की कुणी शोधायला निघालं तरी तुम्ही सापडणार नाही. तुम्ही मात्र हे वाचलंत तर तुम्हाला बरोबर कळेल.

सबवूफर, म्हणजे अगदी खालच्या आवाजांचा मोठा स्पीकर, वाजतोय. नुसता वाजत नाही, दिवाणावर बसलं की पायाला कळतोय. सासरे रोज संध्याकाळी भजनं लावतात, आणि आता पखवाजाच्या डाव्या पुडीचा, त्या कणीक लावलेल्या बाजूचा आवाज पुरता येतो. वय झालं की कानातून आधी बारीक, उंच आवाज जातात. खालचे बऱ्यापैकी टिकतात, आणि अगदी खालचे तर छातीलाही जाणवतात. आमच्या टीव्हीखालच्या चार इंची स्पीकरांना नेमका तोच भाग जमत नव्हता. म्हणजे म्हाताऱ्या माणसाला जे ऐकू येऊ शकत होतं, तेच आमच्या घरात वाजत नव्हतं. सिनेमाचं वेड माझं आहे हे कबूल, पण हा खटाटोप सुरू झाला तो पखवाजापायी.

तुमच्याकडे येण्याआधीचं थोडं सांगते, कारण त्याशिवाय तुम्ही काय केलंत ते लोकांना कळायचं नाही.

एका मोठ्या शोरूममध्ये मी बजेट सांगितलं, तर समोरच्या मुलाने माहितीपत्रक मिटून परत कप्प्यात ठेवलं. बाहेर पडताना पाणीसुद्धा विचारलं नाही. मग मी वाचत बसले. बारा इंची चांगला तयार सबवूफर घ्यायचा तर आमच्या घरचा फ्रिज स्वस्त वाटावा अशी किंमत, आणि गाडीत बसवायचा बारा इंची वूफर मात्र साडेचार हजारांत. गाड्यांसाठी हे वूफर ढिगाने बनतात, म्हणून स्वस्त. लोखंड तेच, चुंबक तेच, पडदा हलवणारी तारेची कॉइल तीच. फक्त खोका आपण बांधायचा.

खोक्याचं गणित मला आवडलं, खरं सांगते. नेव्हिल थील नावाच्या ऑस्ट्रेलियातल्या इंजिनिअरने १९६१ मध्ये ते मांडलं आणि रिचर्ड स्मॉल यांनी सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला पुढे नेलं. आज कुठल्याही वूफरच्या कागदावर जे आकडे छापलेले असतात ते या दोघांच्या नावाने ओळखले जातात. माझ्या वूफरचे आकडे होते एफएस (वूफर स्वतःहून ज्या कंपनावर डोलतो) २८ हर्ट्‌झ, क्यूटीएस (ते डोलणं किती लवकर थांबतं) ०.५, व्हीएएस (पडद्याच्या ताणाइतकी लवचिक हवा) ६० लिटर. बंद खोक्याला ६० लिटर दिले की क्यूटीसी, म्हणजे खोक्यात बसवल्यावरचा तोच क्यू, ०.७ वर येतो, म्हणजे आवाज घुमत नाही आणि कोरडाही पडत नाही. आतून १५ बाय १५ बाय १६ इंच. भवानी पेठेतल्या टिंबर मार्केटमधून १८ मिलीचा एमडीएफ कापून आणला, आमच्या ओळखीच्या सुताराने फेविकॉल आणि स्क्रूने असा घट्ट बांधला की त्यावर उभं राहून माळ्यावरचे डबे काढता येतात. आत उशीत भरतात तो फायबर.

आणि मग वायरिंगसाठी मी एका दुकानात गेले. कुठल्या ते सांगत नाही.

तिथलं पहिलं वाक्य होतं, "मिस्टरांना पाठवा, त्यांना समजावतो." माझ्या मिस्टरांना या विषयातलं एवढंच कळतं की आवाज वाढला की झोप मोडते. तरी मी गप्प राहिले, कारण काम करून हवं होतं. मग मला १२०० वॉट छापलेला गाडीचा अँप्लिफायर दाखवला आणि सोबत १२ व्होल्ट, ३० अँपिअरचा पॉवर सप्लाय. बाराला तिसाने गुणलं की ३६० होतात हो. बाकीचे ८४० वॉट कुठून येणार, असं विचारलं तर हसले. आधीच घेतलेला घरगुती २३० व्होल्टवरचा अँप्लिफायर माझ्या पिशवीत होता, तोच जोडायला सांगितला. वूफरला दोन कॉइल, प्रत्येकी चार ओहमची. समांतर जोडल्या तर दोन ओहम, ते त्या अँप्लिफायरला झेपत नाही. एकामागून एक जोडल्या तर आठ, ते झेपतं. दुकानातल्या पोराने सोल्डर मारून दिलं, पैसे घेतले, "झालं मॅडम."

घरी लावलं तर काही नाही. म्हणजे आवाज होता, पण पलीकडच्या खोलीत कुणीतरी गादी झटकतंय एवढाच. परत नेलं. मीटर लावला, साधारण सात ओहम दाखवले. दोन चार ओहमी कॉइलींचं एवढंच यायला हवं, कारण मीटरवर नेहमी छापील आकड्यापेक्षा थोडं कमीच दिसतं. "सगळं बरोबर आहे. गाडीचा वूफर घरी चालतच नाही. होम थिएटरचा घ्या, हा आम्ही भंगारात घेतो." हेही मिस्टर नसल्यामुळे मलाच ऐकावं लागलं.

तुमच्या दुकानात आले तेव्हा मी भांडायच्या तयारीतच होते, काका. तुमच्या लक्षात आलं असेल.

तुम्हीही आधी मीटरच लावलात. तुम्हालाही सातच दिसले. पण तुम्ही "सगळं बरोबर आहे" म्हणाला नाहीत. जोड उकललात, मग भिंतीवरचं घड्याळ खाली उतरवलंत, त्यातला पेन्सिल सेल काढलात, वायरचे दोन तुकडे लावलेत, आणि ते सगळं माझ्या हातात दिलंत.

"ताई, एक हात वूफरवर ठेवा. हलका. दुसऱ्या हाताने टेकवा."

पहिल्या कॉइलला टेकवलं, तर वूफरचा कागदी पडदा तळहाताला अलगद वर आला. दीड व्होल्टची ती हालचाल डोळ्यांना जेमतेम दिसते, हाताला मात्र स्वच्छ कळते. मग त्या दुकानदाराच्या जोडणीत करंट ज्या वाटेने पुढे जात होता त्याच वाटेने दुसऱ्या कॉइलला टेकवायला सांगितलंत. पडदा आत गेला.

तुम्ही काहीच बोलला नाहीत. मी तुमच्याकडे बघितलं आणि म्हणाले, "दोघी एकमेकींच्या विरुद्ध ओढतायत." मग तुम्ही हसलात. "एकाच जुवाला दोन बैल, तोंडं दोन दिशांना. गाडी हलेल कशी?" वजाला वजा जोडला होता. ओहम मोजले तर बरोबरच येणार, कारण मीटरला दिशा कळत नाही.

वूफर दुरुस्त झाला तो दोन टाक्यांत. त्याबद्दल आभार आहेतच. पण हे पत्र मी लिहितेय ते तो सेल माझ्या हातात दिल्याबद्दल. तुम्ही स्वतः टेकवून, "उलटं जोडलंय, करून देतो" म्हणाला असता तरी मी पैसे देऊन खुशीने घरी गेले असते. बाहेर एक गाडीवाला हॉर्न वाजवत होता, त्याला तुम्ही "थांबा जरा, ताईंचं चालू आहे" म्हणालात. ताईंचं! इतके दिवस माझा वूफर, माझे पैसे, माझं गणित, आणि सगळे बोलायचे तिथे नसलेल्या माणसाशी. तुमच्या दुकानात पहिल्यांदा ते काम माझं झालं.

ज्याला स्वतःचं काम येतं तो ते दाखवायला घाबरत नाही, हे मी आमच्या सुताराकडेही पाहिलंय आणि आमच्या गल्लीतल्या शिलाई मशीन दुरुस्त करणाऱ्या आजोबांकडेही. ते झाकण उघडं ठेवून काम करतात. गिऱ्हाईक शिकलं तर धंदा जाईल अशी भीती त्यांना नसते. उलट जिथे पाठ करून, कोपऱ्यात काम चालतं तिथे माझा तरी संशय वाढतो. अशी माणसं पेठांमध्ये अजून पुष्कळ आहेत. त्यांच्या दुकानांना काचेचं दार नसतं म्हणून आपण तिकडे वळत नाही, एवढंच.

आणि तुम्ही मला दुसरा वूफर विकला नाहीत! मी विचारलं होतं, तुमच्या फळीवर होता, मी घेतलाही असता. "आधी एक कोपऱ्यात सरकवून बघा." गाडी म्हणजे काचा बंद केलेला अडीच-तीन हजार लिटरचा डबा, तिथे खालचा आवाज आपोआप फुगतो. आमची खोली दहा बाय बारा, उंची दहा फूट, म्हणजे चौतीस हजार लिटर. गाडीतली गंमत इथे फुकट मिळणार नाही, पण दोन भिंती आणि जमीन जिथे मिळतात तिथे ठेवलं तर बरंच काही परत मिळतं, असं तुम्ही सांगितलंत. खरं निघालं. रिसीव्हरवर, म्हणजे स्पीकरांना आवाज वाटून देणाऱ्या यंत्रावर, ८० हर्ट्‌झच्या खालचं सगळं आता सबवूफरकडे जातं आणि बिचारे चार इंची स्पीकर मोकळे झालेत, बोलणंही स्वच्छ ऐकू येतं.

एक नवीन भानगड आहे. चाळीस हर्ट्‌झच्या आसपास काही वाजलं की माळ्यावरची स्टीलची पातेली साथ देतात. सासूबाईंनी मधे जुने टॉवेल घातलेत, तरी एक कुठलं तरी झाकण हाती लागत नाहीये.

तुम्ही त्या दिवशी मजुरी घेतली नाहीत, "दोन टाक्यांचे काय पैसे" म्हणालात. आमच्या गाडीचा मागचा डावा स्पीकर फाटलाय. पुढच्या आठवड्यात मिस्टर गाडी घेऊन येतील. त्यांच्याकडून पूर्ण पैसे घ्या, आणि काय बिघडलंय ते मात्र फोन करून मला सांगा.

तुमची,
सेल हातात धरलेली ताई