दहावी आली की गाणं बंद?

महोदय,

लातुरात मी ख्याल, म्हणजे शास्त्रीय गाणं, शिकवते. दहावीचं वर्ष लागलं की पालक सांगतात, 'बाई, गाणं आता बंद.' पहाटेचा वेळ शिकवणीला जातो. भैरव या पहाटेच्या रागातला कोमल रिषभ, म्हणजे किंचित उतरलेला 'रे', षड्जाला म्हणजे 'सा'ला जवळजवळ टेकलेला आणि हलका झुलणारा, त्या शांत वेळीच गळ्यावर चढतो. तो बसत आला की मूल ऐकायला शिकतं. मग घरी आजीचं बोलणंही मध्येच न तोडता ऐकून घेतं. हे मी डोळ्यांनी पाहिलंय. शास्त्रीय गायक आणि गुरू पं. नाथराव नेरळकरांनी मराठवाड्यात कितीतरी गळे घडवले, हे आपण विसरत चाललोय का? रोज अर्धा तास तरी तानपुऱ्याजवळ बसू द्या. शिकवणीवाल्यांनी पहाटेची एखादी तुकडी संध्याकाळी घ्यावी, ही कळकळीची विनंती.

— एक गायनशिक्षिका, लातूर