बाबा, सेट कुणाला देऊ नका

ती. बाबा आणि ती. आईस,
शि. सा. न. वि. वि.

बोरिवलीहून गिरगावात टपालानं पत्र आलेलं पाहून आई म्हणेल, "अगं, फोन करायचास की!" केला होता गं, मंगळवारी. मी बाबांच्या हॅम, म्हणजे हौशी, रेडिओबद्दल "सेट, सेट" म्हणत होते आणि बाबांना "पेठ" ऐकू येत होतं. "कुठली पेठ गं?" असं त्यांनी तीनदा विचारलं आणि मग फोन तुझ्याकडे दिला. फोन ठेवल्यावर मला रडूच आलं. म्हणून लिहिते आहे. कागदावरचं बाबांना अजून नीट वाचता येतं.

बाबा, आई सांगत होती की पुढच्या महिन्यात जागा रिकामी करायची म्हणून तुम्ही सेट, पॉवर सप्लाय, रेडिओच्या काचेच्या व्हॉल्व्हचे डबे, सगळंच लॅमिंग्टन रोडवरच्या कुणाला तरी देऊन टाकायचं ठरवलंय. "85 व्या वर्षी कुणाशी बोलणार आता, आणि ऐकू कुठं येतंय," असं म्हणालात म्हणे. त्या दुसऱ्या वाक्यासाठीच हे पत्र.

गेल्या महिन्यात मी अचानक आले होते, आठवतं? संध्याकाळचे साडेसात झाले होते. तुम्ही हेडफोन लावून टेबलाशी बसला होता, पाठ दाराकडे. मी दोन हाका मारल्या, तुम्हाला कळलं नाही. पण तुमची पेन्सिल चालू होती. 40 मीटरच्या रेडिओ-पट्ट्यावर कुणीतरी मोर्समध्ये, त्या ठिपके-रेघांच्या सांकेतिक भाषेत, बोलत होतं आणि तुम्ही अक्षरामागून अक्षर उतरवत होता, एकही खाडाखोड नाही. मी मागं उभी राहून चांगली दहा मिनिटं बघत राहिले. ज्या माणसाला माझी हाक ऐकू येत नाही, तो हजारो किलोमीटरवरचं टिपतो आहे!

मग कानाच्या डॉक्टरांना विचारलं. त्यांनी तुमचा आलेख काढून दाखवला. डावीकडून रेघ बरी चालते आणि उजवीकडे धाडकन खाली येते. वयानं आधी वरच्या पट्टीचे आवाज जातात, आणि स, श, फ ही अक्षरं त्याच पट्टीत राहतात. त्यामुळे बोलणं चालू आहे हे कळतं, शब्द कळत नाहीत. साखर म्हटलं की भाकर ऐकू येतं. मोर्सचा सूर मात्र 600 हर्ट्झच्या आसपास, खालच्या पट्टीत, आणि तो हवा तसा खाली-वर करता येतो. तुमच्या कानाचा तो भाग शाबूत आहे, बाबा. तुम्हाला "ऐकू येत नाही" असं आम्हीच सगळे म्हणत राहिलो, आणि तुम्ही ते खरं मानलंत.

1963 साली चीनच्या लढाईनंतरच्या भरतीत तुम्ही गेलात आणि जबलपूरच्या सिग्नल ट्रेनिंग सेंटरमध्ये हा कान तयार झाला. "ठिपके-रेघा मोजायच्या नाहीत, चाल ऐकायची" हे तिथल्या उस्तादांचं वाक्य आम्ही पाढ्यांच्या वेळीसुद्धा ऐकलं आहे. 65 आणि 71, दोन्ही लढायांबद्दल तुम्ही फारसं कधी बोलला नाहीत. एकच सांगायचात : 71 च्या डिसेंबरात बंकरमध्ये बोटं इतकी गारठायची, की मोर्स पाठवायचं बटण, म्हणजे "की", धरण्याआधी हात काखेत धरून बसावं लागायचं, आणि तरीही आपल्या माणसाचा "हात" पलीकडच्याला ओळखू यायचा. प्रत्येकाच्या मोर्सची ढब वेगळी असते म्हणे, अक्षरासारखी.

1978 ला पेन्शन घेऊन आलात आणि स्टॅबिलायझरचं दुकान टाकलंत. त्या दुकानाबद्दल मला कायम वाटतं की ते चालवलं आईनं आणि सांभाळलं तुम्ही. आई, वह्या तुझ्या, उधारी तुझ्या लक्षात, ट्रान्सफॉर्मरच्या तारेचे वेढे मोजणारी तू. 82 ला रंगीत टीव्ही आले तेव्हा रात्री अकरापर्यंत शटर अर्धं वर असायचं. मग ते वर्ष आलं, एका बड्या गिऱ्हाइकानं 200 स्टॅबिलायझर उचलले आणि पैसे बुडवले. दिवाळी तोंडावर आली होती. तू पाटल्या काढून दिल्यास, पोरांचा बोनस झाला, आणि त्या गिऱ्हाइकाचं नाव घरात पुन्हा कुणी काढलं नाही. मी तेव्हा दहा वर्षांची होते. तुझे मोकळे हात मला अजून दिसतात, आई.

हॅमचं लायसन मिळालं तो दिवस मला आठवत नाही, पण पहिला ट्रान्समीटर आठवतो. चोरबाजारातला पत्र्याचा डबा, त्यात 807 नंबरचा व्हॉल्व्ह, डोक्यावर धातूची टोपी. तुम्ही की दाबलीत की आत निळसर झाक उमटायची आणि मी ती बघायला पलंगावर उभी राहायचे. गच्चीवर पाण्याच्या टाकीपासून जिन्याच्या खोलीपर्यंत 20 मीटर तांब्याची तार. संक्रांतीला मांजा अडकायचा, पावसाळ्यात कावळे ओळीनं बसायचे. रात्रीच लांबचं का ऐकू येतं, असं मी विचारलं तेव्हा तुम्ही गच्चीवर नेऊन सांगितलं होतं : "आकाशाला दोन छपरं आहेत. खालचं उन्हानं तयार होतं आणि आपला आवाज गिळतं. सूर्य मावळला की ते विरतं, मग आवाज वरच्या छपरावर आपटून लांब जाऊन पडतो." पुढं कॉलेजात आयनोस्फिअर शिकले तेव्हा नवीन काहीच वाटलं नाही.

आता एक गोष्ट, जी मी वीस वर्षं मनात ठेवली होती.

26 जुलै 2005. सांताक्रूझला 24 तासांत 944 मिलिमीटर पाऊस. मी कलिन्याला एका शाळेच्या दुसऱ्या मजल्यावर अडकले होते, मोबाइल मेले होते. दुसऱ्या दिवशी दुपारी मी कंबरेपर्यंत चिखलानं माखून, चालत घरी आले तेव्हा तुम्ही रेडिओचा हँडसेट घेऊन टेबलाशी बसला होता. माझ्याकडे पाहिलंत, मान हलवलीत आणि पुन्हा कुणाचा तरी निरोप लिहून घेऊ लागलात. अंधेरीचा कुणी सुखरूप आहे, कुर्ल्यात कुणाला इन्सुलिन हवंय. मला फार लागलं होतं ते. जगाचे निरोप पोचवतात आणि पोटच्या पोरीला साधं जवळ घेत नाहीत, असं मी आईशी बोललेही होते.

परवा सामान आवरताना आईनं लॉगबुकांचा गठ्ठा माझ्या हातात दिला. त्यात 2005 ची वही होती. 26 तारखेच्या रात्रीची पानं मी उघडली. वेळ, कुणाकडून, कुणाला, मजकूर, सगळं तुमच्या त्या उभ्या अक्षरात. आणि प्रत्येक तासाला समासात, बारीक पेन्सिलीनं, "धाकटी – नाही." नऊ वाजता. दहा वाजता. पहाटे चारला. सकाळी आठला पेन्सिल इतकी दाबली आहे की कागद फाटलाय. मग 27 तारीख, 14:20 : "धाकटी आली." त्याच्या खालचा निरोप 14:21 चा आहे.

बाबा, मला माफ करा.

आणि आई, त्याच गठ्ठ्याखाली क्यूएसएल कार्डांच्या, म्हणजे रेडिओ-संपर्काच्या पोचपावत्यांच्या, पेट्या निघाल्या. संपर्क झाला की बाबांनी आकडे सांगायचे आणि कार्ड तू भरायचीस, कारण तुझं अक्षर सुंदर. छापील इंग्रजीच्या खाली कोपऱ्यात तू देवनागरीत "नमस्कार" लिहायचीस. जपानहून आलेलं एक कार्ड मी बाजूला काढलंय. त्या माणसानं तुझा "नमस्कार" बघून बघून उतरवलाय, म ची दांडी तुटलेली, शिरोरेघ वाकडी, पण उतरवलाय. जगभरात किती कपाटांत तुझं अक्षर पडून असेल, याचा तू कधी विचार केलायस?

तर माझं म्हणणं असं. नव्या इमारतीचा ताबा मिळेपर्यंत तुम्ही दोघं इथंच राहायचं आहे, ते ठरलेलंच आहे. सेटही तुमच्याबरोबर येईल. आम्ही सर्वांत वरच्या मजल्यावर, गच्चीची परवानगी मी सोसायटीकडून लेखी घेतली आहे. टाकीपासून लिफ्टच्या खोलीपर्यंत मोजलं, 23 मीटर भरतं. तार आणून ठेवली आहे, बांधायला तुम्ही हवेत. लायसनवर पत्ता बदलून घ्यायचा अर्जही आपण बसून भरू.

आणि मी मोर्स शिकते आहे. रोज लोकलमध्ये, बोरिवली ते चर्चगेट, कानात 600 हर्ट्झचा सूर. आतापर्यंत 14 अक्षरं झाली. मोजत नाही, चाल ऐकते. परीक्षा पुढं द्यायची आहे, पण खरं कारण ते नाही. मला तुमच्याशी जेवणाच्या टेबलावर बोलायचं आहे, "पेठ" न होता. तुमची ती पितळी की आणि एक बझर, एवढं पुरे.

रविवारी टेम्पो घेऊन येते. बाबा, व्हॉल्व्ह जुन्या साड्यांत गुंडाळा, वर्तमानपत्रात नको. आई, कार्डांच्या पेट्या माळ्यावर परत चढवू नकोस, तिथं वाळवी आहे. आणि की बाबांच्या शर्टाच्या खिशात राहू दे, सामानात टाकू नका.

73 (तुमच्या हॅम भाषेत, शुभेच्छा).

तुमची धाकटी